शांत वाऱ्याचे तास

मी आयुष्यात एकाच माणसाचा सूड घेतला. काठी उचलली नाही, शिवी दिली नाही, कोर्टाची पायरी चढलो नाही. त्या माणसानं मला जे काम शिकवलं, तेच काम, त्यानं शिकवलं तसंच, इकडचा आकडा तिकडं न करता, त्याच्यासाठी करून दिलं. लोक सांगतात की सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही. मला मिळालं. चांगले दोन हिवाळे पुरलं. तिसऱ्या हिवाळ्यात जे झालं ते सांगायला मात्र अजून जड जातं.

आम्ही मेंढरांमागची माणसं. पैठण रस्त्याला, बिडकीनच्या अलीकडं, माळ एकदम खाली उतरतो आणि नाल्याला लागतो. त्या खोलगटात आमची दहाबारा घरांची वस्ती. पावसाळा सरला की बा कळप घेऊन आसपासच्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचा. रानाला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी. मेंढरं बसवायची तर भोवतीनं वाघूर लावावी लागते, म्हणजे सुतळीच्या जाळीचं कुंपण. ती लावण्याआधी बा एक गोष्ट हमखास करायचा. जवळच्या मेंढीच्या अंगावरची चिमूटभर लोकर उपटायचा, डोक्याएवढा हात वर करून सोडायचा आणि ती कुठं जाते ते बघत उभा राहायचा. थंडीच्या दिवसांत लोकर सरळ पायाशी पडली की म्हणायचा, "हितं नगं. हितं हवा बसती. सकाळच्याला मेंढरं खोकत्याल." मग सगळं बिऱ्हाड उचलून पुन्हा उंचावर. मला या प्रकाराचा भारी कंटाळा यायचा.

मी शिकलो, विद्यापीठात भौतिकशास्त्र घेऊन एमेस्सी झालो. ते नामांतराचे दिवस. वर्ग कमी भरायचे, बंद जास्त असायचे. माझ्या वर्गातले दोघं मोर्च्यात धरले गेले आणि हर्सूलच्या तुरुंगात राहून आले. त्याआधी मराठवाड्यात गावोगावी घरं जाळली गेली होती, आणि ज्यांची जळाली त्यांची मुलं आमच्यासोबत बाकावर बसत होती. त्याच काळात शहराच्या चारी बाजूंना कारखाने उठत होते. एका पेठेत कर्फ्यू असायचा आणि गावाबाहेर कुणीतरी नारळ फोडत असायचं. मला नोकरी मिळाली ती नारळ फुटत होते त्या बाजूला.

ज्यांनी नोकरी दिली त्यांना मी सर म्हणायचो. पूर्वी ते प्राध्यापक होते. प्राध्यापकी सोडून त्यांनी घराच्या तळमजल्यावर कचेरी थाटली होती आणि नव्या कारखान्यांना हवेचे अहवाल करून द्यायचे. कारखान्याची चिमणी इतकी उंच, तिच्यातून इतका वायू बाहेर पडणार, वारा अमुक दिशेचा, तर आसपासच्या कोणत्या गावात किती घाण पोचेल, हे संगणकावर गणित मांडून आधीच सांगायचं. शहरात तेव्हा संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आमचा होता तो हिरव्या अक्षरांचा, थंडगार खोलीत ठेवलेला. चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. सर त्याला रोज हार घालायचे तेवढे बाकी होते.

काम असं असायचं. विमानतळाकडच्या हवामान कचेरीतून वर्षभराच्या वाऱ्याच्या नोंदी आणायच्या, तासातासाच्या. वर्षाचे तास आठ हजारांच्या वर. एकेका तासाची एक ओळ, तिच्यात वाऱ्याची दिशा, वेग, तापमान. ते सगळं मी दोन बोटांनी टंकायचो. मग मशीन सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत गणित करत बसायचं आणि शेवटी प्रिंटर कर्कश ओरडत पट्ट्यापट्ट्यांच्या कागदावर आकडे ओकायचा. ते आकडे गावांच्या नकाशावर टाकून मी रंगीत पेन्सिलींनी वेढे काढायचो. चिमणीजवळ लाल, पुढं पिवळा, आणि जिथं काळजीचं कारण नाही तिथं हिरवा. नकाशा छान दिसायचा. खालच्या कोपऱ्यात सरांची सही असायची.

अकरा वाजता वरून वहिनी चहा आणायच्या, सरांची पत्नी. फुलाफुलांचे कप. कारखान्यांचे बडे साहेब आले की ते ज्या कपांतून प्यायचे त्याच कपातून मला चहा. मेंढक्याचा पोर म्हणून माझ्यासाठी त्यांनी कधी वेगळं काही ठेवलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याला किंमत आहे.

पहिल्याच अहवालाच्या वेळी मशीन अडलं. काही केल्या पुढं जाईना. शोधून काढलं तर कारण साधं होतं. या गणितात वाऱ्याच्या वेगानं भागावं लागतं. नोंदवहीत काही तास असे होते की वाऱ्याचा वेग शून्य. शून्यानं भागायला गेलं की मशीन हात टेकतं. हवामानवाले अशा तासांपुढं 'शांत' असं लिहायचे. मी सरांकडं गेलो. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं.

"काढून टाक त्या ओळी."

"सर, बऱ्याच आहेत. जवळजवळ सगळ्या थंडीतल्या, पहाटेपासून नऊपर्यंतच्या."

"अरे, वारा नाही तर धूर जाणार कुठं?" ते हसले. "काढ बिनधास्त."

मी काढल्या. मशीन भराभरा चालू लागलं. बा लोकर सोडून जी हवा शोधायचा तीच हवा मी एकेक ओळ करून पुसत होतो, आणि खरं सांगतो, मला त्या दिवशी बा आठवलासुद्धा नाही. नोकरीचा दुसरा महिना होता, मशीन चालू झालं याचाच आनंद.

वर्षभरानं सरांनी नवा नकाशा टेबलावर पसरला. रसायनांचा कारखाना, पैठण रस्त्याला, माळाच्या कडेवर. मी बोट ठेवून दाखवलं की सर, याच्या खाली हे खोलगट दिसतंय ना, ती आमची वस्ती. त्यांना ते आधीच माहीत होतं. म्हणाले, "म्हणूनच तर तुला दिलंय. घरचं कार्य समज."

गणित झालं. शांत तास नेहमीसारखे काढलेले होते. शिवाय या गणिताला जमीन सगळीकडं सपाट वाटते, खोलगट त्याला कळतच नाही. आमची वस्ती हिरव्या रंगात आली. मीच रंगवली.

सरांनी मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं, नकाशा खांबाला टांगला आणि बोलले. ते बोलायला पटाईत. विज्ञान, प्रगती, पोरांना नोकऱ्या. सगळं झाल्यावर बा उठला. कधी चारचौघांत न बोलणारा माणूस. डोक्यावरचं मुंडासं नीट करत म्हणाला, "सायब, तुमचं समदं बराबर आसंल. पर थंडीत सकाळी आमच्याकडं वारा नस्तोच. चुलीचा धूर सुदीक वर जात नाय, हितंच बसतो. मंग तुमच्या चिमणीचा कुठं जाईल?"

साध्या माणसानं गणिताच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. सर मोठ्यानं हसले. "बाबा, मेंढरं हाकणं वेगळं आणि हवेचं गणित वेगळं." गाव हसलं. "आणि माझ्यावर विश्वास नसेल तर हा तुमचाच मुलगा आहे ना? यानं स्वतः गणित केलंय. विचारा त्याला."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणालो, "मशिनीत समदं बगितलंय, बा."

बा खाली बसला. घरी जाताना वाटेत त्यानं एवढंच विचारलं, "ते सकाळचं बी बगितलंस नव्हं?"

"व्हय," मी म्हणालो.

माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात स्वस्त खोटं. त्यानंतर त्यानं त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. पोरगा शिकलेला आहे, खोटं कशाला सांगेल?

कारखाना सुरू झाला आणि पहिल्याच थंडीत हवा बसू लागली. सकाळी दार उघडलं की सडलेल्या लसणासारखा उग्र वास. डोळे चुरचुरायचे. नऊ वाजता वारा सुटला की सगळं साफ, जसं काही झालंच नाही. आधी कोकरं मेली. मग मोठी मेंढरं खोकू लागली. बाला आता दूरच्या रानात जाणं होत नव्हतं, गुडघे गेले होते, त्यामुळं तो वस्तीवरच असायचा. दुसऱ्या थंडीत त्याची छाती वाजू लागली. दम लागून तो अंथरुणात उठून बसायचा आणि ऊन वर येईपर्यंत तसाच बसून राहायचा.

गावानं तक्रार केली. कारखान्यानं चौकशी कुणाला सांगितली? सरांना. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. सरांनी मला बोलावलं आणि पेपर पुढं सरकवला. नामांतरासाठी बंदची हाक होती. शहर, एसट्या, कारखाने, सगळं बंद राहणार होतं.

"आदल्या दिवशी हवा मोजायचं यंत्र घेऊन तुझ्या वस्तीवर जा. बंद सुरू झाला की लाव, उठेपर्यंत चालव. नंतर काढून आण."

"पण सर, तेव्हा तर कारखाना बंद असणार."

"मग?" ते म्हणाले. "अहवालात मोजल्याची तारीख लिहायची असते. त्या दिवशी बंद होता का, हे कुणी विचारत नाही."

माझ्या वर्गातली पोरं ज्या मागणीसाठी लाठ्या खात होती, तिच्या बंदचाही या माणसानं आपल्या कामासाठी असा वापर करून घेतला. मला त्या क्षणी पहिल्यांदा त्याचा तिरस्कार वाटला. तरी गेलो. यंत्र म्हणजे छोट्या छपराचं खोकं, ते भणभणत हवा ओढतं आणि आतल्या पांढऱ्या कागदावर घाण साठते. रस्त्यात एसटी नव्हती म्हणून दोन दिवस वस्तीवरच अडकलो. चिमणी थंड होती. सकाळी बा बाहेर आला, दारात उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला. "आज छातीवरचा धोंडा उतरला बग," म्हणाला. मग कळपातून उरलेल्या एकाच म्हाताऱ्या मेंढीची लोकर चिमटीत घेऊन त्यानं सोडली. ती सरळ त्याच्या पायाशी पडली. वारा अजिबात नव्हता. हवा रोजच्यासारखीच बसली होती, फक्त तिच्यात घाण नव्हती.

तिकडं यंत्रातला कागद पांढराशुभ्र निघाला. त्यावर सरांनी अहवाल लिहिला की तक्रारीत तथ्य नाही.

परत आल्यावर मी सर बाहेर गेल्याचं बघून त्यांच्या कपाटातलं या गणिताचं जाडजूड पुस्तक काढलं. शांत वाऱ्याचं प्रकरण शोधलं. स्पष्ट लिहिलं होतं की असे तास वगळू नयेत, वाऱ्याचा थोडा तरी वेग धरावा, कारण जमिनीलगतची सगळ्यात वाईट हवा याच तासांत असते. त्या वाक्याखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. सरांच्या हातची. समासात त्यांच्या बारीक अक्षरात टीपसुद्धा. म्हणजे माणूस अडाणी नव्हता. त्याला सगळं माहीत होतं, पारावर हसला तेव्हाही माहीत होतं.

मी पुसलेल्या ओळी पुन्हा टंकल्या, पुस्तकात सांगितलं तसा वेग धरला आणि मशीन चालवलं. आमच्या वस्तीपुढचा आकडा असा वर गेला की मी दोनदा तपासून पाहिला. कागद नेऊन सरांसमोर ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला. "मागची बाजू कोरी आहे," म्हणाले. "कच्च्या कामाला ठेव."

पेपरात द्यायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मी भ्यालो. त्या ओळी माझ्या हातानं गेल्या होत्या आणि पारावर माझंच तोंड उघडलं होतं. लोकांनी आधी मलाच धरलं असतं.

पुढच्या थंडीत बा गेला, सकाळच्याच वेळी. उशाला टेकून बसलेला होता. माझ्याकडं बघून काहीतरी विचारणार होता असं मला वाटलं, पण श्वास पुरला नाही. दहाव्याला सर आले नाहीत, त्यांनी माणसाकरवी नारळ पाठवला. वहिनी मात्र स्वतः आल्या. शहरातली बाई, आमच्या सारवलेल्या जमिनीवर आईशेजारी बसली, तिचा हात हातात घेऊन तासभर. आई नंतर म्हणायची, ती बाई खरी हाय.

लोक विचारतात की मग त्याच माणसाकडं नोकरी का करत राहिलास. मी डूख धरला होता. लांब जाऊन डूख धरता येत नाही. रोज नऊ वाजता कचेरीत जायचो, 'गुड मॉर्निंग सर' म्हणायचो आणि त्या माणसाचा चेहरा नीट बघून घ्यायचो. मी त्यांचा सगळ्यात विश्वासू माणूस झालो. सर वयानं उतरले, नाव मोठं झालं, आणि एक गंमत झाली. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगून सांगून त्यांचाच आपल्या नकाशांवर विश्वास बसला. संगणक आता त्यांना चालवताही येत नव्हता, पण व्याख्यानात सांगायचे की मशीन कधी खोटं बोलत नाही.

शेवटी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. शहरात कुठं गुलाल होता, कुठं दारं लावून घेतलेली होती. त्या गडबडीत एका सकाळी सर खुशीत आले आणि म्हणाले, "बंगला बांधायचा ठरवलंय. निवृत्तीनंतर शांत राहायचं. मुकुंदवाडीच्या पुढं, नदीकडं उतरणारी जमीन आहे. पण आजूबाजूला कारखाने. म्हटलं, आपल्याकडं शास्त्र आहे, तर शास्त्रशुद्ध प्लॉट घ्यावा. सगळ्या चिमण्या घाल गणितात आणि मला नकाशा दे."

मी जागा बघून आलो. पायाखालून जमीन खोलगट होत नदीला लागत होती. मी वाटेत एका कळपामागच्या म्हाताऱ्याकडून चिमूटभर लोकर मागून घेतली होती. भल्या सकाळी तिथं उभं राहून सोडली. ती सरळ माझ्या बुटावर पडली. मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं हसलो.

कचेरीत येऊन विचारलं, "सर, गणित कसं करू?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखंच."

एवढंच मला त्यांच्या तोंडून हवं होतं. मी शांत तास काढले. एकेक ओळ, हळूहळू, चव घेत. मशीन दुपारपर्यंत चाललं. प्लॉटवर मी हिरवा रंग दिला, जरा जास्तच दाबून. जागा दाखवायला मी स्वतः त्यांना घेऊन गेलो. चैत्रातल्या एका दुपारी, वारा असा सुटला होता की त्यांची टोपी उडाली. "काय हवा आहे!" सर म्हणाले. मी टोपी धावत जाऊन आणून दिली.

दिवाळीनंतर ते राहायला गेले आणि पहिल्या थंडीतच रडगाणं सुरू झालं. सकाळी वास येतो. डोळे चुरचुरतात. बागेत बसता येत नाही. मी गंभीर चेहऱ्यानं ऐकायचो. "नकाशात तर हिरवा भाग आहे, सर," म्हणायचो. ते माझ्याकडं बघायचे आणि विषय बदलायचे. मशीन खोटं बोलतं असं म्हणायची सोय त्यांना राहिली नव्हती. घर विकायला काढावं तर काय सांगून? हवेचा एवढा मोठा जाणकार, आणि स्वतःची जागा चुकली? सर अगदी कात्रीत सापडले होते आणि मी रोज ती कात्री जवळून बघत होतो. घरी जाऊन आईला काही सांगायचो नाही, पण बाच्या फोटोपुढं उभा राहिलो की मनात म्हणायचो, बसली बघ हवा. दुसरा हिवाळाही असाच गेला. मी त्या काळात जितका सुखी होतो तितका नंतर कधी झालो नाही.

हिशेबात एक गोष्ट मी घेतली नव्हती. सर उठायचे आठनंतर, दारंखिडक्या बंद करून झोपायचे. बागेत सकाळी असायच्या त्या वहिनी. झाडून काढणं, पाणी घालणं, देवाची फुलं तोडणं, सगळं उजाडता उजाडता. ज्या तासांच्या ओळी मी चव घेत पुसल्या होत्या, नेमके ते तास त्या अंगणात उभ्या असायच्या. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही. इतकी वर्षं त्यांच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर बसलो होतो, मशीन लावायला कितीदा उजाडताच गेलो होतो, त्यांची पहाटेची खराट्याची वेळ मला पाठ होती. मी तिकडं बघितलं नाही, एवढंच.

तिसऱ्या थंडीत सरांनी फोन केला. आवाज पडलेला होता. "तुझ्या वहिनीला दमा सांगितलाय डॉक्टरांनी. सकाळी फार होतं. तू एकदा ये. तुझ्या गणितात काही राहिलंय का बघ."

तुझ्या गणितात. एरवी अहवाल त्यांचा असायचा.

सकाळी सातला गेलो. गेटातच वास आला, तोच, सडलेल्या लसणाचा. वहिनी व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर खेचलेले. बा असाच बसायचा. मला बघून त्या उठल्या, आत गेल्या आणि थांबत थांबत चहा घेऊन आल्या. माझ्यासमोर कप ठेवला. तेच फुलांचे कप. दोन पावलं चालण्यासाठी त्यांना भिंत धरावी लागली.

मी खिशातून लोकर काढली. तेव्हापासून मी ती जवळ बाळगायचो. अंगणात उतरून हात वर केला आणि सोडली. ती सरळ खाली पडली. सर पायरीवर उभे होते. लोकर पडताना त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. पारावरचा तो म्हातारा त्यांना आठवला, हे मला स्पष्ट दिसलं. किती वर्षं मी या चेहऱ्याची वाट पाहिली होती!

"शांत तास," ते पुटपुटले. "तू शांत तास काढलेस. माझ्या घराच्या गणितातून?"

"तुम्ही म्हणालात नेहमीसारखं कर."

"अरे, पण तू सांगायचं नाहीस का?"

इतकी वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य मी त्यांना परत दिलं. "सर, वारा नाही तर धूर जाणार कुठं?"

ते पायरीवर बसले. मला वाटलं, आता सगळं फिटलं. मी वळलो तर वहिनी भिंत धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या. सरांकडं नाही, माझ्याकडं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता. "मी सकाळी बागेत असते. हे तुम्हाला माहीत होतं ना?"

बानंही असंच साधं काहीतरी विचारलं होतं, पारावरून घरी जाताना वाटेत, आणि मी त्याला खोटं सांगितलं होतं. त्यांना मात्र खोटं सांगता येईना.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. व्हरांड्यातल्या टेबलाशी आल्या, माझ्यासमोर ठेवलेला चहा, मी अजून तोंडही न लावलेला, उचलला आणि भिंतीच्या आधारानं एकेक पाऊल टाकत आत घेऊन गेल्या. आतून कप विसळल्याचा आवाज आला.